डेटा संपल्यावर

दुसरं बोट मोडलं तेव्हाही मेकॅनिकने तेच सांगितलं. "मेहुणा कुठे आहे, मला खरंच माहीत नाही."

आणि त्याला खरंच माहीत नव्हतं. "तुझ्या मेहुण्याने आमच्या मालकाची मुलगी पळवली," असं त्याला खुर्चीला बांधणारे हे दोघे सकाळपासून सांगत होते. बारा वाजेपर्यंत अंथरुणात लोळणारा मेहुणा कुणाला पळवून नेईल, यावर एरवी मेकॅनिक पोट धरून हसला असता. आता हसायची सोय नव्हती. ओठ दोन ठिकाणी फाटला होता.

"डावाच हात धर," चष्मेवाला म्हणाला.

पैलवानाने डाव्या हाताचं तिसरं बोट पकडलं आणि उलटं वाकवलं. हाड मोडल्याचा आवाज मेकॅनिकला आधी ऐकू आला, कळ नंतर आली. तो गुरासारखा ओरडला. रिकाम्या गोदामात ऐकायला कोणी नव्हतं.

चष्मेवाल्याने शांतपणे बुटावरचं रक्त पुसलं. "तुझी पोरगी शाळेतून सव्वातीनला येते ना? चार वाजता आम्ही तुझ्या घरी जातोय. मेहुणा तुझा असला तरी भाऊ तुझ्या बायकोचा आहे. तिला बरोबर आठवेल."

"तिला काही माहीत नाही हो. तिला हात लावू नका. पाया पडतो."

"पाय बांधलेत तुझे, पडशील कसा?" पैलवान म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन त्याने मेकॅनिकच्या पोटात गुडघा घातला.

चष्मेवाला निघून गेला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन वाजले होते. पैलवान टेबलावर बसून टॅबवर कुस्त्या बघू लागला. दहा मिनिटांत कुस्ती अडकली.

"च्यायला, डेटा संपला."

त्याने टॅब बाजूला टाकला, मेकॅनिकचा उजवा हात सोडला आणि त्यात पाण्याची बाटली दिली. दोन घोट होतात न होतात तोच बाहेर हॉर्न वाजला. पैलवान शिव्या घालत गेला. बाहेरून कडी लागली. उजवा हात मोकळाच राहिला आणि टॅब टेबलावर.

मेकॅनिक टॅबकडे बघत राहिला. त्याचं दुकान मोबाइल दुरुस्तीचं, पण नाव झालं होतं ते त्याच्या व्हीपीएन ॲपमुळे. डेटा संपला की कंपनी नेट बंद करते, तरी स्वतःची एखाददुसरी पानं उघडी ठेवते. गिऱ्हाइकाला रिचार्ज करता आलं पाहिजे ना. मेकॅनिकचं ॲप अशाच एका पानाच्या आडून सगळं नेट आत घ्यायचं. कंपनीला वाटायचं, माणूस आपल्याच पानावर बसलाय.

अशी ॲपं इतरांनीही काढली होती. कंपनीने ती पानं हुडकून बंद केली आणि ॲपं गारद झाली. मेकॅनिकचं मात्र आठ महिने चालू होतं. त्याचं पान कोणतं, ते कंपनीला सापडत नव्हतं. कंपनीचा एक गोड बोलणारा साहेब दुकानात आला होता, ते पान दाखवा आणि नोकरीवर या म्हणाला होता. मेकॅनिकने त्याला चहा पाजून वाटेला लावलं. ॲपमध्ये त्याने ते कुलूपबंद करून दडवलं होतं; बायकोलाही सांगितलं नव्हतं, उघड कुठे लिहूनही ठेवलं नव्हतं. आपल्या डोक्यातलं आपल्या डोक्यात, असा त्याचा हिशोब.

नशीब एवढंच, की या दोघांना ॲपचा पत्ताच नव्हता. सकाळपासून एकदाही त्याचा विषय निघाला नव्हता.

बांधलेल्या पायांनी तो खुर्चीसकट टेबलाकडे सरकू लागला. डावा हात टेबलाच्या कडेला लागला तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. तो दात आवळून थांबला, पुन्हा सरकला. घड्याळात तीन पस्तीस झाले होते.

टॅबला लॉक नव्हतं. फोन करायची सोयही नव्हती, फक्त नेटचं सिम होतं. पडद्यावर लिहिलं होतं, 'तुमचा डेटा संपला आहे.' त्याने सेटिंग उघडली आणि उजव्या हाताने एकेक अक्षर टाकत गेला. सर्व्हरचा पत्ता. पासवर्ड. शेवटी ते पान. काचेवर ओठातलं रक्त ठिबकलं, ते त्याने बाहीने पुसलं.

वरच्या कोपऱ्यात व्हीपीएनची छोटीशी किल्ली उमटली. नेट चालू झालं होतं.

ॲपच्या तक्रारी बायको सांभाळायची. तक्रार आली की तिचा फोन वाजायचा. त्याने ॲपची वेबसाइट उघडून तक्रारीच्या चौकटीत लिहिलं, 'मी आहे. पोरीला घे आणि मागच्या दाराने आत्ता नीघ. माझ्या आईकडे जाऊ नकोस, थेट पोलिसांत जा. काही विचारू नकोस.'

तीन एकेचाळीस. तीन बेचाळीस. मग उत्तर आलं.

'निघालो. रिक्षात बसलोय. तुम्ही कुठे आहात?'

मेकॅनिकला रडू फुटलं. कुठे आहे ते त्यालाही माहीत नव्हतं, पण आता त्याची पर्वा नव्हती. त्या दोघी सुटल्या होत्या. यांनी आता दहाही बोटं मोडली तरी चाललं असतं.

कडी निघाली. पैलवान आत आला, त्याच्यामागे चष्मेवाला. टॅब लपवायला जागा नव्हती. मेकॅनिकने तो छातीशी धरला आणि मार खायच्या तयारीने डोळे मिटले.

मार बसला नाही. कोणीतरी अगदी हळुवार हाताने टॅब काढून घेतला. मेकॅनिकने डोळे उघडले. समोर त्याच्या दुकानात चहा पिऊन गेलेला साहेब उभा होता. त्याच्या कानाला फोन होता.

"हो, आपल्या टॅबवर त्याने आत्ता टाकलं तेच पान," तो फोनवर म्हणाला. "तुम्हाला पण दिसलं ना तिकडे? मग करा बंद."

टॅबवरची किल्ली विझली. साहेबाने फोन खिशात ठेवला आणि पैलवानाकडे वळला.

"आता उजवा."