मोज्यातलं भाषण

कॉर्मॅकच्या मोज्यातून कागद पडला तेव्हा हर्लिंगची फायनल संपायला नऊ मिनिटं उरली होती आणि किलकोरन एका पॉइंटने पुढे होतं. त्याच्या ते लक्षातही आलं नसतं. पण तासभर ज्याच्या बरगडीला बरगडी लावून तो गोलपुढे उभा होता, त्या फर्गल टूहीने वाकून कागद उचलला. जसा कॉर्मॅक किलकोरनचा कॅप्टन, तसा फर्गल बॅलिडूनचा.

फर्गलने हेल्मेटच्या जाळीतून कागद वाचला.

"अरे बाप रे, भाषण! लेका, अजून मॅच चालू आहे!"

"आण इकडं."

"उच्चारासकट लिहिलंय की. तॉ... अन... ऑहस... ऑरम. बालवाडीत आहेस का रे?"

बाजारात तुरी, हे कॉर्मॅकलाही कळत होतं. म्हणून तर त्याने पशुवैद्याच्या चिठ्ठीच्या पाठीवर ते वाक्य लिहून गुपचूप मोज्यात खोचलं होतं. कप घेताना कॅप्टनने पहिलं वाक्य आयरिशमध्ये बोलायचं, अशी पद्धत. 'हा कप स्वीकारताना मला फार आनंद होत आहे,' एवढंच. पुढे इंग्रजीत वाटेल ते बोला, कोणी ऐकत नाही.

पण ते एक वाक्य सगळी काउंटी कान टवकारून ऐकते. एकोणीस वर्षांपूर्वी खालच्या गटाचा कप घेताना किलकोरनचा तेव्हाचा कॅप्टन पॅकी 'ऑहस'च्या जागी 'व्रोन' म्हणून गेला. ऑहस म्हणजे आनंद आणि व्रोन म्हणजे दुःख. हा कप स्वीकारताना मला फार दुःख होत आहे, असं त्याने छाती फुगवून सांगितलं. त्या दिवसापासून तो व्रोन पॅकी झाला. त्याची बायको मिसेस व्रोन, आणि त्या नावाने टाकलेलं पत्र पोस्टमन न विचारता घरी पोचवतो. आज पॅकी संघाचा कोच म्हणून रेषेबाहेर उभा होता आणि घसा फोडून ओरडत होता.

कॉर्मॅकला हरायची भीती होतीच, पण व्रोन दुसरा व्हायची त्याहून जास्त होती. तीन आठवडे तो सकाळ-संध्याकाळ धारा काढताना वाक्य घोकत होता. गाईंना पाठ झालं असेल, त्याला काही केल्या होईना.

फर्गलने कागद गोलच्या खांबापाशी उभ्या असलेल्या पांढऱ्या कोटातल्या अंपायरच्या हातात दिला.

"काका, हे धरा. मैदानात कचरा करतात ही माणसं."

अंपायरने गंभीर चेहऱ्याने कागद कोटाच्या खिशात घातला. कॉर्मॅक तोंड उघडणार तोच चेंडू आला आणि दोघं पुन्हा एकमेकांच्या अंगावर कोसळले.

शेवटच्या मिनिटाला बॅलिडूनने एक उंच चेंडू गोलपुढे टाकला. दोन हात वर गेले. बोटांची सालटी निघाली, पण चेंडू कॉर्मॅकच्या मुठीत राहिला. त्याने हर्लीच्या, म्हणजे हातातल्या चपट्या काठीच्या, एका फटक्यात तो असा लांब पिटाळला की तो खाली येण्याआधीच शिट्टी वाजली. किलकोरन जिंकलं. म्हाताऱ्यांनी टोप्या उडवल्या. कोणाची टोपी कोणाकडे गेली, याचे वाद अजून चालू आहेत.

कॉर्मॅक स्टँडच्या पायऱ्या चढून वर गेला. अध्यक्षांनी त्याच्या हातात कप दिला आणि तोंडापुढे माइक धरला. त्याने अंपायरला शोधलं. पांढरा कोट लांब फाटकाबाहेर, गाड्यांकडे निघाला होता.

सगळं मैदान चिडीचूप झालं. कॉर्मॅकच्या डोक्यात एकच शब्द घुमत होता आणि तो नेमका नको तो होता. खाली पॅकीने डोळे मिटून छातीवर क्रूसाची खूण केली.

"तॉ," कॉर्मॅक म्हणाला आणि थांबला. "तॉ अन-व्..."

"ऑहस," खालून कोणीतरी हळूच म्हणालं.

स्टँडच्या कठड्याला टेकून फर्गल गवतात बसला होता. हेल्मेट बाजूला, हर्ली मांडीवर, एका नडगीतून रक्त येत होतं. त्याने मान वर केली नव्हती.

"ऑहस," कॉर्मॅक म्हणाला.

"ऑरम."

"ऑरम."

"अन कॉर्न शो अ ग्लाका," फर्गलने गवताकडे बघतच पुरं केलं.

"अन कॉर्न शो अ ग्लाका!" कॉर्मॅक इतक्या जोरात ओरडला की माइक किंचाळला, आणि पाठोपाठ सगळं किलकोरन किंचाळलं.

"मेल्या!" पॅकी डोळे पुसत खालून ओरडला. "एकोणीस वर्षं वारसाची वाट बघतोय मी!"

पुढचं इंग्रजी भाषण नेहमीप्रमाणे कोणी ऐकलं नाही. कॉर्मॅक कप काखेत मारून खाली उतरला, मिठ्या मारणाऱ्यांतून वाट काढत कठड्यापाशी गेला आणि फर्गलशेजारी गवतात बसला.

"कागद तर तू अंपायरला दिलास. मग एवढं पाठ कसं राहिलं तुला?"

फर्गलने बाहीने नाक पुसलं. कपाकडे एकदा बघितलं आणि हसला.

"तीन आठवडे रोज गाईंपुढे घोकलंय. वाया कशाला घालवायचं?"