आंबा की व्हॅनिला

औषधांच्या दुकानदाराने कार्बोहायड्रेट पावडरचे तीन डबे काउंटरवर मांडले, तसा कुमुदिनीने चष्मा काढून पदराने पुसला. केमो सुरू झाल्यापासून तिच्या नवऱ्याचं, दिगंबररावांचं, वजन उतरत चाललं होतं. घशाखाली फक्त पातळ पदार्थ जात होते. वजन टिकलं तरच पुढचा डोस देता येईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

पहिल्या डब्यात दुधाची भुकटी होती आणि दूध त्यांना सोसत नव्हतं. दुसऱ्यात निम्म्याहून जास्त साखरच निघाली. तिसरा बरा वाटला, पण त्याच्यावरची बारीक अक्षरं पुन्हा पुन्हा वाचूनही तिला फारसं काही उमगलं नाही.

"ह्याने अंगात ताकद येईल ना हो?" तिने विचारलं.

"पोटात टिकलं तर येईल, काकू," दुकानदार हळू आवाजात म्हणाला. "ह्यात व्हॅनिला आहे आणि आंबा. कोणता देऊ?"

तिने घरी फोन लावला. "अहो, व्हॅनिला आणू की आंबा?"

"कोणताही आण. मला चव कुठे कळतेय? महिना झाला."

"मग रोज पेज छान झालीय म्हणता, ते?"

दिगंबरराव म्हणाले, "तू समोर बसून बघत असतेस ना."

तिने फोन ठेवला. दुकानदार दोन डबे हातात धरून थांबला होता.

"आंब्याचा द्या," ती म्हणाली. "त्यांना आंबा फार आवडतो."