चप्पल बाहेर

शहाण्णव साली बेलापुरातल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये रुपाली शिकवायची. धुळीमुळे मशीनच्या खोलीत चप्पल चालत नसे. रुपाली वारल्यावर तिच्या आई, आक्काबाई, दर बाजारच्या दिवशी यायच्या आणि तिनं गमतीत माइकवरून मशीनमध्ये भरलेलं एकच वाक्य ऐकून जायच्या.

मग मशीनला व्हायरस लागला. सगळं पुसणं भाग होतं.

"मावशी, आवाजाच्या फायलीला व्हायरस लागत नाही. ती मी फ्लॉपीवर काढून ठेवलीय."

"पुसताना तिला काई व्हनार न्हाई ना?"

हार्ड डिस्क फॉरमॅट केली, मूळ फ्लॉप्यांवरून सगळं नव्यानं टाकलं आणि शेवटी रुपालीची फाईल चढवून लावली. आक्काबाई स्पीकरला कान लावून बसल्या.

"आई, चप्पल बाहेर काढून ये गं!"

फाईल इथंच संपायची. आज थोडी खरखर झाली.

"मी पण काढलीय."

आक्काबाई उठून दाराबाहेर गेल्या. मागोमाग मीही गेलो. सावलीत आमच्या चपलांशेजारी रुपालीच्या लाल सँडल होत्या.

आक्काबाईंनी खाली बसून एकीत तळहात ठेवला.

"आत्ताच काढलीया," त्या म्हणाल्या. "गरम हाय अजून."