तीन विड्यांची वाट

बावन्न सालचा शिमगा सरला तेव्हा मांडव्याचा चंदर कोळी खोकत टेकडीवरच्या वैद्यबुवांकडे आला. "किती लांबून आलास?" बुवांनी विचारलं. "तीन विड्यांची वाट हाय." प्रत्येक विडीला तो दम खायला बसला होता. "विडी सोड, नाहीतर नारळी पुनवेला होडी लोटायचा दम उरणार नाही." चंदर विचारात पडला. "मग वाट मोजू कशानं?" बुवा हसले नाहीत. त्यांनी ज्येष्ठमधाच्या कांड्या त्याच्या हातावर ठेवल्या. "तल्लफ आली की एक चघळ. गोडी संपली की दुसरी. वाटही हिनंच मोज." पुनवेच्या आदल्या दिवशी तो नारळ घेऊन आला, थोडा रागावलेला. दोन कोरड्या कांड्या त्यानं टोपीतून काढून पुढे ठेवल्या. "तुमचं माप खोटं हाय, बुवा. तीन घेऊन निघालो. दारात पोचलो तरी पयलीच तोंडात, आन् अजून गोड हाय."