चारपैकी तीन

"पहिला गेम डोळे झाकून घे," धाकटा म्हणाला. "गुप्तहेराचा आहे. म्हातारी बाई, सहा पाहुणे, एक खून. दुसरा पत्त्यांचा. तिसऱ्यात एका आडगावच्या स्टेशनवर गाड्यांचे रूळ बदलत बसायचं. ऐकायला रटाळ वाटेल, पण एकदा बसलास की उठवत नाही."

थोरला खुर्चीत होता. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत पट्ट्यात बांधून मांडीवरच्या उशीवर ठेवलेला. तीन महिन्यांपूर्वी कारखान्यात लेथ मशीनवर काम करताना बाही अडकली होती. हात वाचला, आतली नस शिवावी लागली. बोटं हलू लागली की कामावर परत जायचं, असं ठरलं होतं. मालकानं त्याचं मशीन अजून दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला होता.

एक ऑनलाइन दुकान दर गुरुवारी मोबाइलवरचे चार गेम आठवडाभरासाठी फुकट देई. धाकटा शुक्रवार-शनिवारी ते खेळून बघायचा आणि रविवारी यादी घेऊन भावाकडे यायचा. कचरा धाकट्यानं चाखायचा, चांगलं तेवढं थोरल्यानं घ्यायचं, ही त्यांची जुनी पद्धत होती.

"तीनच? चार देतात ना?"

"चौथा बेकार आहे."

"फुकट ते पौष्टिक. सांग तरी."

"नाही रे दादा. उगाच जागा अडवेल."

थोरल्यानं डाव्या हातानं टीपॉयवरचा मोबाइल उचलला. डाव्या अंगठ्याला अजून सवय नव्हती, दोनदा भलतंच पान उघडलं. मग दुकानातला तो चौथा सापडला. मोटारींच्या शर्यतीचा गेम होता. घाटातला रस्ता, ओली वळणं. त्याचा आधीचा भाग दोघांनी दोन वर्षं एकमेकांशी भांडत खेळला होता. नवा परवडेना, म्हणून किंमत उतरायची वाट बघत होते.

"हा बेकार?"

"आधीच्यासारखा नाही राहिला. म्हणजे... हातात बसत नाही."

"कुणाच्या?"

धाकटा यादीचा कागद घडी घालून खिशात ठेवू लागला.

"थांब," थोरला म्हणाला. "गुप्तहेराचा कसा खेळायचा?"

"एक बोट टेकवत जायचं."

"आणि पत्त्यांचा?"

"तसाच."

"रूळही तसेच बदलायचे असतील. मागच्या रविवारी काय आणलं होतंस? बुद्धिबळ, शब्दकोडी आणि ती बाग फुलवायची. त्याच्या आधीच्या रविवारी मात्र दोन्ही हातांनी खेळायचा फुटबॉल होता. लवकर बरा हो, तुझी जिरवतो, म्हणाला होतास."

"आठवत नाही."

"मला आठवतं. दिवसभर बसून दुसरं काय करतो मी?"

त्या दोन रविवारांच्या मध्ये एक मंगळवार होता. त्या दिवशी तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी थोरल्याला बाहेर बसवलं आणि त्याच्या बायकोला आत बोलावलं. ती वीस मिनिटांनी बाहेर आली. कागदांवर सह्या करायच्या होत्या, म्हणाली. आणि रिक्षा बघायला पुढे गेली.

"हे गेम तू खेळून कसे बघतोस?"

"कसे म्हणजे?"

"बारक्या, सरळ विचारतोय."

धाकट्यानं स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं.

"मांडीखाली दाबून बसतो," तो म्हणाला. "नाहीतर मधेच पुढे येतो."

वरच्या मजल्यावर कुणीतरी पलंग सरकवत होतं. तो आवाज थांबल्यावर थोरल्यानं विचारलं.

"अजिबातच नाही हलणार?"

"कोपरात वाकेल म्हणाले डॉक्टर. मनगटही येईल थोडंफार. बोटांचं..."

"मग लेथ काय कोपरानं चालवू?" थोरला हसला. हसणं मधेच तुटलं. तो खिडकीकडे बघत राहिला.

"वहिनीनं शपथ घातलीय," धाकटा म्हणाला. "महिनाअखेरपर्यंत तोंड उघडायचं नाही. मालकाची मुदत आहे तोवर तरी ह्यांना आशेवर राहू दे, म्हणाली. रोज सकाळी तुझी बोटं चोळून देते ना, तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघवत नाही तिला."

"तू मला काही सांगितलेलं नाहीस."

"सांगितलंच कुठे?"

"तेच म्हणतोय मी. तिच्यासमोर मान खाली घालून बसू नकोस. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं."

दाराची कडी वाजली. थोरल्याची बायको भाजीची पिशवी घेऊन आत आली. चपला काढता काढता म्हणाली, "काय भाऊजी, आज कसला फुकटचा माल आणलात?"

"खून," धाकटा म्हणाला. "आणि पत्ते."

"छान. तुम्हा दोघा भावांना शोभेल असंच." ती हसली आणि नवऱ्याकडे वळली. "आणि बोटांचं काय आज? हललं का काही?"

थोरल्यानं उशीवरच्या हाताकडे बघितलं.

"करंगळी," तो म्हणाला. "मघाशी. जराशीच."

धाकटा उठून खिडकीपाशी गेला.

"बघा! म्हटलं नव्हतं मी?" ती म्हणाली. पिशवी उचलून ओट्यापाशी गेली, दोन्ही हात आत घातले आणि काहीही बाहेर न काढता, पाठमोरी, तशीच उभी राहिली.