लाल खुर्ची

चुलीशी उलट्या डब्यावर बसून मनकर्णाबाई सुनेवर रोज करवादायच्या, “कुळथाचं माडगं येईना, धपाटं येईना! माहेरी काय शिकिवलं गं?” मग त्या सांगतील ती सगळी कृती सुकन्या हसून मोबाईलवर टिपून घ्यायची. आज तिनं श्रीगोंद्याच्या बाजारातून लाल खुर्ची आणली. “आत्या, एका वेबसाईटवर लोक स्वयंपाकाचे प्रश्न विचारतात. तुमची उत्तरं मी तुमच्याच नावानं लिहिते. त्याचे पैसे आले, त्यातनं ही घेतली.” मनकर्णाबाई अंग चोरून टेकल्या. गुडघे सुखावले. “मग आज काय इचारत्यात?” “वेबसाईटनं आता पैसे देणं बंद केलं.” “मग ही खुर्ची कशाला मला?” त्या ओशाळून उठू लागल्या. सुनेनं हात धरून बसवलं, मोबाईल पालथा ठेवला. “आज मी विचारते. तुम्हाला काय खायला आवडतं?” “उरंल ते,” त्या सवयीनं बोलून गेल्या. खऱ्या उत्तरासाठी सून हटेना. त्यांनी तिच्यावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.