खाणीतली किंकाळी

राजारामच्या मुंबईहून आलेल्या पत्राला दत्ताराम गुरुजींनी उत्तर पाठवलंच नव्हतं. ‘भिकू आमच्याच घरातला. नाटकात त्याचं काम मी करू नये, असं आई म्हणते. तुम्ही सांगाल तसं,’ एवढंच त्याने लिहिलं होतं. नको म्हणावं, तर गुरुजींचं एकुलतं एक नाटक अडत होतं.

खोताच्या माणसांनी भिकूला गावच्या चिरेखाणीत कोयत्याने तोडला, ही म्हाताऱ्यांच्या तोंडची हकिगत. गुरुजींनी तिचं नाटक लिहिलं आणि त्याच खाणीत बसवायला घेतलं. उत्तर नाही म्हणजे होकारच, असं समजून चौऱ्याऐंशीच्या शिमग्याला राजाराम आला.

तालमीत खोताच्या माणसाचं काम करणाऱ्या सदूने लाकडी कोयता उगारला. राजारामने तोंड उघडलं, त्याआधीच समोरच्या कड्यातून त्याच्याच आवाजातली किंकाळी आली.

“गुरुजी, मी अजून वरडलोच नाय.”

“खाणीलाच तुझं काम पाठ झालंय,” सदू हसला. “गप मर आता.”

थांबवावं, असं गुरुजींना वाटलं. पण आपल्या भित्रेपणाला पोरं हसतील म्हणून ते गप्प बसले.

कोयता खाली आला. राजाराम किंचाळला. त्याची मान अर्धी तुटून लोंबली आणि पायाखालचा तांबडा चिरा काळा पडला. सदू हातातलं कोरडं लाकूड बघत राहिला.

राजारामचं दिवसकार्य उरकल्यावर गुरुजींनी कार्डावर ‘येऊ नकोस’ असं लिहिलं, त्याचा मुंबईचा पत्ता घातला आणि ते टपालपेटीत टाकलं.

तेवढ्यात खाणीकडून किंकाळी आली. या खेपेला आवाज गुरुजींचा होता.

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं.